शेठचे पैसे अडकले, आता कायदा शिकू का?

प्रश्न : नमस्कार सर. मी बीई सिव्हिल, वय 34, नागपुरात हिंगणा रोडला राहतो, एका मध्यम कॉन्ट्रॅक्टरकडे नऊ वर्षांपासून बिलिंग पाहून राहिलो. आमचं एक सरकारी रस्त्याचं काम 14 महिने लांबलं, अर्ध्या लांबीत जागाच मिळाली नव्हती, झाडं आणि लाइटचे पोल तसेच उभे, आणि आता डिपार्टमेंटनं उलट आमच्यावरच एलडी, म्हणजे उशिराची भरपाई, लावली. शेठ आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे कोर्टाबाहेर लवादाकडे, गेले. वकीलसाहेबांनी मला विचारलं, जागा नाही हे लेखी कधी कळवलं? मी गप्प, सगळं फोनवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. तेव्हापासून डोक्यात बसलंय की ही कराराच्या वादांची लाइन शिकावी. एलएलबी करू, का परदेशी कोर्स घेऊ? घरचे म्हणतात, आता काय शाळेत जातो का बाप्पा.

उत्तर : भाऊ, कोर्सचं मागून बोलू, पहिले तो व्हॉट्सअ‍ॅप. फोन बदलू नका, विकू नका, चॅट डिलीट तर अजिबात नको. जेईला, म्हणजे खात्याच्या ज्युनिअर इंजिनिअरला, पाठवलेला पोलचा फोटो, तारीख आणि त्याचं 'ओके, बघतो' एवढंही कामाचं आहे. आर्बिट्रेटरला पुराव्याच्या कायद्याचे सगळे नियम तंतोतंत बांधत नाहीत, तरी डिजिटल पुराव्याला सर्टिफिकेट लावून देणं बरं, वकील ते करून घेतील. आणि एकट्या चॅटवर नका राहू, साइट ऑर्डर बुक, कामातले अडथळे नोंदवायचं हिंड्रन्स रजिस्टर, आरए म्हणजे चालू कामाच्या बिलाला जोडलेली पत्रं, मशीन उभी होती तेव्हाची लॉगबुकं, सगळं शोधा. मी स्वतः नोकरीत असताना कॉन्ट्रॅक्टरची पत्रं वाचून 'फाइल करा' म्हणायचो, आता रिटायर झाल्यावर भरपाईचे क्लेम पाहतो तेव्हा कळतं की तीच दोन ओळींची पत्रं पुढे लाखांची होतात.

आता शिकायचं काय ते सांगतो, कारण कोर्सच्या माहितीपत्रकात हे असं लिहिलेलं नसतं. खरा विषय आहे उशीर कोणाच्या खात्यात टाकायचा. जागा नाही मिळाली, हा मालकाचा, म्हणजे काम देणाऱ्या खात्याचा उशीर, त्याचे दिवसही मिळतात आणि खर्चही मागता येतो. अवकाळी पाऊस आला तर बहुतेक करारांत दिवस मिळतात, पैसे नाही. आणि जागा नव्हती त्याच महिन्यात तुमचा प्लँटही बंद होता, तर दोघांचा उशीर एकावर एक बसतो, आणि खरी मारामारी इथंच होते. यावर इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल आहे, 2002 चा, दुसरी आवृत्ती 2017 ची. आपल्याकडे तो काही कायदा नाही, पण कामाच्या वेळापत्रकाच्या बार चार्टवरून कोणत्या घटनेनं शेवटची तारीख किती सरकली हे कसं मांडायचं ते त्यात पाहायला मिळतं. वकिलापेक्षा हे तुम्हाला लवकर कळेल, कारण बार चार्ट तुम्हीच बनवता ना.

मग पैसे. लांबलेल्या काळात हेड ऑफिसचा खर्च आणि बुडालेला नफा मोजायला हडसन नावाचा फॉर्म्युला सगळे चिकटवतात. सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये असे फॉर्म्युले चालतात असं म्हटलं, पण 2023 मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की नुसता फॉर्म्युला लावून नफा मिळत नाही, दुसरं काम हातचं गेलं वगैरे याचा पुरावा दाखवा. तुमच्या शेठच्या क्लेममध्ये हा आकडा असेल तर आधी त्याच्या मागचे कागद पाहा. एलडीचंही तसंच, करार कायद्याचं कलम 74 वाचा, करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि द्यायची ती वाजवी भरपाई, म्हणजे लिहिला तेवढा आपोआप कापला असं नाही.

एलएलबीचं म्हणाल तर तुम्हाला कोर्टात उभं राहायचं असेल तरच. डिग्रीनंतर तीन वर्षं, सीईटी, वर्गात हजेरी, आणि वर बार कौन्सिलच्या नियमात पगारी नोकरी करता करता वकिली चालत नाही, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. क्लेम बनवायला, डिलेचा एक्स्पर्ट व्हायला किंवा आर्बिट्रेटर व्हायला वकिलीची सनद लागत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा कन्स्ट्रक्शन लॉचा एमएससी नावाजलेला, तिथं या विषयाचं सेंटर 1987 पासून आहे आणि वर्गात इंजिनिअर आणि वकील शेजारी बसतात, पण फी पाउंडात, आणि तुमच्या गरजेला मला तो आज जड वाटतो. त्यापेक्षा चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सची पायरी-पायरीची पद्धत बरी, ही 1915 ची संस्था, भारतात शाखा आहे, आधी असोसिएट, मग मेंबर, मग फेलो. एक पायरी चढा, जमलं तर पुढची. पुण्याच्या निकमार या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेत कॉन्ट्रॅक्टचा विषय सिव्हिलवाल्यांच्या भाषेत शिकवतात, तिकडेही विचारा. आणि आपल्या वारंग्याच्या लॉ युनिव्हर्सिटीत आर्बिट्रेशनवर एखादं खुलं व्याख्यान असेल तर जाऊन बसा, बुटीबोरीपर्यंतचं पेट्रोल तेवढं लागेल.

एक मात्र पाहा, कोर्समध्ये मीडिएशन, म्हणजे मध्यस्थीनं तडजोड, आहे का. अर्थ मंत्रालयानं जून 2024 मध्ये केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना सांगितलं की आर्बिट्रेशनचं कलम सरसकट टाकू नका, 10 कोटींच्या खालच्या वादांपुरतंच ठेवा आणि आधी मीडिएशन बघा. मीडिएशनचा कायदाही 2023 ला आला. नुसतं क्लेम लढायला शिकलात तर अर्धंच शिकलात.

आणि फिडिक, म्हणजे बांधकामाचे आंतरराष्ट्रीय नमुना करार, शिकवतील तेव्हा 28 दिवसांची नोटीस नीट ऐका, घटना कळल्यापासून 28 दिवसांत कळवलं नाही तर क्लेम गेला असं ते कलम म्हणतं. आपल्याकडे वकील त्यावर करार कायद्याचं कलम 28 काढून भांडतात, पण भांडायची वेळच कशाला आणायची, तुम्ही सोमवारपासून चालू साइटवर आठवड्याला एक पत्र सुरू करा, शेठला सांगा मी सांगितलं म्हणून.

प्रश्न : मी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आर्बिट्रेटर व्हायला लॉची डिग्री लागते असं एकानं सांगितलं. खरं का?

उत्तर : नाही साहेब. 2019 च्या दुरुस्तीत पात्रतेची एक यादी आली होती, त्यात अनुभवी इंजिनिअरही होते, पण ती यादीच 2021 ला काढून टाकली. दोन्ही पक्षांना चालत असाल तर तुम्ही बसू शकता. फक्त निवृत्त सरकारी माणूस आपोआप बाद होत नसला तरी स्वतःच्या जुन्या खात्याचं मॅटर घेताना सगळे संबंध लेखी उघड करा, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला आक्षेप घेतो. अ‍ॅवॉर्ड म्हणजे लवादाचा निकाल लिहायची प्रॅक्टिस मात्र कुठंतरी करा. आपण लोक टिपणी लिहून 'मान्यतेस्तव सादर' करणारे, कारणं द्यायची सवय नसते, आणि कारणं नसलेला अ‍ॅवॉर्ड आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात अडकतो.