बावड्याहून जर्मनीला, सिव्हिल घेऊन

भावा, तू विचारलंस ते थोडक्यात असं: घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, सिव्हिलचं तिसरं वर्ष संपत आलंय, मास्टर्सला जर्मनीला जायचंय. स्ट्रक्चर घेऊ की पाणी-पर्यावरण, पैसे किती लागतील, आणि कोर्स इंग्लिशमध्ये आहे तर जर्मन शिकायची काय गरज? शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझं एक अख्खं वर्ष तिथंच गेलं.

कॉम्प्युटरवाल्या मित्राचं ऐकू नकोस. त्याचं बर्लिनमध्ये इंग्लिशवर भागतं, आपलं भागत नाही. सिव्हिलमध्ये समोर असतो नगरपालिकेचा इंजिनिअर, पोकलेनवाला, नाहीतर दारासमोर खड्डा का खणला म्हणून भांडायला आलेली म्हातारी. टेंडर जर्मनमध्ये, नियमावली जर्मनमध्ये. स्टुटगार्टला माझा पाण्याचा कोर्स पूर्ण इंग्लिशमध्ये झाला, मार्कही बरे पडले. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यातले 11 नकार वाचण्यात गेले. एका मुलाखतीत त्यांनी ड्रेनेज लाइनचा उभा छेद पुढ्यात टाकला आणि म्हणाले, समजावून सांगा. ड्रॉइंगमधलं सगळं मला कळत होतं. पण मॅनहोलला 'शाख्ट', उताराला 'गेफेले', पाइपच्या तळाला 'झोले' म्हणतात, हे कुठं माहीत होतं? बोट दाखवून 'हे, हे' करत बसलो. माणसं भली होती, कॉफी पाजून पाठवलं.

म्हणून सांगतो, जर्मनची बी-वन, म्हणजे तिसरी पातळी, निघायच्या आधी कर. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. इकडे आल्यावर पार्टटाइम काम आणि असाइनमेंट यांत भाषा मागं पडते ती पडतेच.

आता स्ट्रक्चर की पाणी. माझा कल पाण्याकडे, हे आधीच सांगून टाकतो. मी पश्चिम जर्मनीतल्या ज्या रूर भागात राहतो तिथं एम्शर नावाची नदी आहे. कोळशाच्या खाणींमुळं इथली जमीन खचायची, जमिनीखाली गटार टाकलं की फुटायचं. मग शंभर वर्षांहून जास्त काळ सगळ्या भागाचा मैला काँक्रीटच्या उघड्या पाटातून, म्हणजे या नदीतूनच वाहवला. लोक सरळ 'गूचा ओढा' म्हणायचे. खाणी हटल्या, जमीन स्थिरावली आणि 1992 पासून कामाला हात घातला. नदीच्या कडेनं 51 किलोमीटरचं मुख्य भूमिगत गटार, खर्च 5 अब्ज युरोंच्या वर. 2021 च्या अखेरीस नदीत मैलापाणी यायचं थांबलं. तीस वर्षं! कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं पाणी उपसून बावड्याच्या 76 एमएलडीच्या (दिवसाला 7.6 कोटी लिटर) एसटीपीला, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्राला नेतात आणि जोराचा पाऊस झाला की नाला पुन्हा पंचगंगेला मिळतो, हे बघत वाढलेल्या माणसाला त्या नदीकाठी सायकल चालवताना काय वाटतं, ते इथं आलास की कळेल.

कामही पुढं भरपूर आहे. 2029 पासून मोठ्या प्लँटना गाळातून फॉस्फरस परत मिळवावा लागणार आहे, शिवाय औषधांचे अंश काढायला शुद्धीकरणाचा चौथा टप्पा बसवायचा आहे. पुराचं तर विचारूच नकोस. 14 जुलै 2021 च्या रात्री इथल्या आर नदीनं काही तासांत खोरं धुऊन नेलं, देशभरात 180 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर आठ-नऊ दिवसांतच घरून फोन, पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली म्हणून. आपला पूर हळू चढतो आणि दिवसेंदिवस बसून राहतो, त्यांचा धाडकन येऊन जातो. दोन्हींचं गणित वेगळं, आणि इथं वर्गात हे सांगता येणारा बहुतेक तू एकटाच असशील.

अभ्यासाचं एक बघ. माझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट जयंती नाल्याच्या बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याच्या मोजणीवर होतं. इकडे लॅबमध्ये बाटल्या भरल्या आणि तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडायला गेलो. गाइड म्हणाली, अजून दोन दिवस आहेत. आपण 27 अंशांवर 3 दिवस ठेवतो, हे लोक 20 अंशांवर 5 दिवस. हवामान वेगळं म्हणून पद्धत वेगळी, बाकी केमिस्ट्री तीच. पण परीक्षा हलक्यात घेऊ नकोस. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी, तिसऱ्यांदा नापास झालास तर नाव कमी. भूजलाच्या पेपरात मी दुसऱ्या प्रयत्नात कसाबसा सुटलो.

मार्कांचं उलटं आहे, 1.0 सगळ्यात भारी आणि 4.0 ला पास. तुझा सीजीपीए 10 पैकी 8 आणि पासिंग 4 धरलं तर इकडचे 2.0 होतात. बऱ्याच कोर्सना 2.5 च्या आत लागतात, म्हणजे चालेल.

पैसे: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम सुटणाऱ्या खात्यात, सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. महिन्याला 992 सुटतात, भाडं, विमा, खाणं सगळं त्यातच. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण स्टुटगार्टच्या राज्यात आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो आहेत आणि म्युनिकच्या टीयूनंही (टेक्निकल युनिव्हर्सिटी) 2024 पासून फी लावली आहे. वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं. बाबांना सांग, कर्ज पहिल्या वर्षाचं पूर्ण धरून काढा, 'पोरगं तिकडं कमवेल' यावर नको. आणि एपीएस सर्टिफिकेटचा, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याचा, अर्ज लवकर टाक, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

एसओपीत, म्हणजे प्रवेशासाठी स्वतःबद्दल लिहायच्या निबंधात, 'लहानपणापासून इंजिनिअरिंगची आवड' लिहिलंस तर मी वाचणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर लिही, तुझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. मला इथल्या एका प्राध्यापकानं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याबद्दल विचारलं होतं: पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवलेल्या फळ्या, काढतात ते हातानं की यंत्रानं, आणि एखादा अडकला तर काय करतात? आयुष्यभर त्या बंधाऱ्यावरून गाडी मारलेला मी, गप्प बसलो. यंदा बरगे काढतील तेव्हा तिथं जाऊन उभा राहा, काढणाऱ्यांशी बोल, फोटो काढ. मलाही पाठव.