सोडियम हायड्रॉक्साइडला 'तीव्र' आम्लारी का म्हणतात? खूप झोंबतं म्हणून का?

नाही, झोंबण्याचा आणि 'तीव्र'चा थेट संबंध नाही. गल्लत बहुतेकांची इथेच होते. तीव्र म्हणजे पाण्यात पूर्ण विचरण होणारा, म्हणजे आयनांत (विद्युतभारित कणांत) पूर्ण सुटा होणारा. 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचं 1 लिटर द्रावण केलं, की त्यातला जवळजवळ प्रत्येक कण सोडियम आयन आणि हायड्रॉक्साइड आयन असा सुटा होतो. सामू (pH, द्रावण किती आम्ल की आम्लारी ते सांगणारा आकडा) साधारण 13. तेवढ्याच मोलॅरिटीच्या (लिटरमागे तेवढेच कण असलेल्या) अमोनियाचे शंभरातले एक-दोनच रेणू आयन देतात, सामू 11 च्या आसपास. म्हणून तो सौम्य.

संहत-विरल ही वेगळी गोष्ट: ती फक्त पाण्यात किती पदार्थ आहे ते सांगते. सोडियम हायड्रॉक्साइड कितीही विरल केलं तरी ते तीव्र आम्लारीच.

त्याची पांढरी गोळी काचेवर उघडी ठेवा, थोड्याच वेळात हवेतली वाफ ओढून ओली, बुळबुळीत दिसू लागते. (बोट लावून बघू नका, कातडी भाजते.) आणि विरघळताना भरपूर उष्णता निघते, म्हणून गोळ्या पाण्यात थोड्या-थोड्या टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही.