नेट फास्ट असूनही लाइव्ह २५ सेकंद मागे का?

तुम्ही म्हणताय की हॉलमधे टाळ्या पडल्या आणि मोबाईलवरच्या यूट्यूब लाइव्हमधे त्या २५ सेकंदांनी दिसल्या, स्पीड टेस्ट तर झकास येतेय. नेटचा दोष नाहीये हो, एवढा वेळ जातोच.

कॅमेऱ्यातलं चित्र ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) आधी एन्कोड करतं, म्हणजे दाबून लहान करतं, मग ते यूट्यूबच्या सर्व्हरवर जातं, तिथे ७२०पी, ४८०पी अशा सगळ्या साइझ तयार होतात आणि मग व्हिडिओचे तुकडे पडतात. खरी गोम या तुकड्यांत आहे. ६ सेकंदांचा तुकडा असेल तर ती ६ सेकंदं पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे जातच नाही, आणि प्लेअर बहुतेक वेळा असे तीनेक तुकडे जवळ साठवून मग चालू होतो, म्हणजे मधे नेट हललं तरी चित्र अडकत नाही. १८ सेकंदं तर इथेच गेली!

मी एकदा ऑनलाइन क्विझचं लाइव्ह केलं होतं, उत्तरं चॅटमधे. सूत्रसंचालकाने प्रश्न विचारला, दहा सेकंद थांबला, "कुणालाच येत नाही वाटतं" म्हणून उत्तर सांगून मोकळा झाला, आणि त्याच्यानंतर धडाधड बरोबर उत्तरं यायला लागली. लोकांनी प्रश्न नुकताच ऐकला होता बिचाऱ्यांनी. तेव्हापासून मी आधी मोजतो. एका मोबाईलवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर धरायचं, शेजारी दुसऱ्या मोबाईलवर लाइव्ह लावायचं आणि दोन्हींचा एकत्र फोटो काढायचा, आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा डिले. फक्त लाइव्ह मधेच पॉज केलेलं नसावं, नाहीतर तेवढा वेळ त्यात जमा होतो.

कमी करायचा तर यूट्यूबवर स्ट्रीमच्या सेटिंगमधे लेटन्सी (म्हणजे हाच उशीर) 'अल्ट्रा लो' करा, ५ सेकंदांच्या आसपास येईल, पण मग साठा अगदी कमी असल्यामुळे कमकुवत नेटवाल्यांकडे गोल गोल फिरत बसतं. ओबीएसमधे कीफ्रेम इंटरव्हल, म्हणजे दर किती वेळाने एक अख्खं चित्र (कीफ्रेम) पाठवायचं ते, २ सेकंद ठेवा, कारण तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू होतो. आणि अ‍ॅडव्हान्समधला स्ट्रीम डिले चुकून चालू नाही ना तेही बघा, हसू नका, माझा होता.

नुसतं बघायचाच कार्यक्रम असेल तर मी नॉर्मलच ठेवतो. घरी बसलेल्याला कुठे कळतंय टाळ्या कधी पडल्या ते. समोरासमोर बोलायचंच असेल तर झूम किंवा मीट घ्या, तिथे असे तुकडे साठवत बसत नाहीत.