एकच खूर दिसतोय, ओढू का?

शेळी तासभर जोर करतेय, एकच खूर बाहेर आलाय आणि कोणीतरी ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं इंजेक्शन) टोचायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. ते इंजेक्शन आत्ता बाजूलाच ठेवा. करडू आडवंतिडवं असेल किंवा गर्भाशयाचं तोंड उघडलं नसेल, तर त्याने नुसत्या कळा वाढतात, वाट मिळत नाही. मग गर्भाशय फाटायचीच भीती.

सुरुवातीला शेळी उठबस करते, जमीन उकरते, त्याला कित्येक तास लागले तरी चालतं. पोट आवळून खरा जोर लागला की मात्र अर्ध्या तासात काहीतरी पुढे सरकायला हवं. तुमचा तास उलटून गेलाय, म्हणून आधी डॉक्टरांना फोन करा. ते येईस्तोवर आत काय आहे एवढं बघून ठेवलंत तरी पुष्कळ.

नखं कापा, अंगठ्या काढा, शेळीचा मागचा भाग धुवा, हातमोजा घालून भरपूर वंगण लावा. खुरापासून वर चाचपत जा. पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकत असतील तर पाय पुढचा. उलटसुलट वाकत असतील तर मागचा. पुढचा असेल तर हाच पाय छातीपर्यंत धरून जा आणि दुसरा त्याच छातीला जोडलेला आहे का ते बघा. जुळी-तिळी असली की दोन करडांचे पाय एकत्र येतात आणि लोक बिनधास्त दोन्ही ओढतात!

पुढचा पाय असेल तर डोकं शोधा. डोकं सरळ असून दुसरा पाय दुमडलेला असेल, तर कळ ओसरल्यावर करडू हलकेच मागे ढकला, दुमडलेल्या पायाचा खूर मुठीत झाकून घ्या आणि मगच पाय सरळ करा. उघडा खूर गर्भाशयाला घासला की इजा होते, शेळीचं गर्भाशय फार नाजूक. मान मागे वळलेली असेल तर तुम्ही हात लावू नका. दोन्ही मागचे पाय असतील तर करडू तसंही निघतं, पण कंबर बाहेर आली की थांबायचं नाही. नाळ दाबली जाते, करडू आतच श्वास घेऊ बघतं. ओढायचं ते कळेबरोबरच, खाली कासेच्या दिशेने.

दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर हात काढा. गर्भाशयाचं तोंड कड्यासारखं घट्ट लागलं, घाण वास आला किंवा करडू फुगलेलं लागलं तर एवढाही वेळ नको. सिझेरियनला लोक उगाच घाबरतात. डाव्या कुशीत भूल देऊन ते होतं, आणि शेळी थकायच्या आत ठरलं तर बहुतेक वेळा निभावतं. फक्त लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, शेळीला जास्त सोसत नाही, म्हणून डॉक्टर ते वजनावर मोजून, पातळ करून देतात.

करडू निघालं की आत अजून एक आहे का हे तपासल्याशिवाय उठू नका. वार लोंबत असेल तर ओढू नका. १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. हात आत गेलेला असल्यामुळे अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि धनुर्वाताचं त्यांना विचारून घ्या. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामापासून, वारेपासूनही, लांब ठेवा; यातले काही जंतू माणसाचाही गर्भ पाडतात.