वसाहत उठवायची की सत्ता?

दादरहून एका वाचकाने विचारलंय: वायव्य आफ्रिकेतल्या पश्चिम सहाराच्या तंट्यावर 'निर्वसाहतीकरण हाच तोडगा' असं बातम्यांत येतं, 'डीकॉलनायझेशन'साठी हा शब्द बरोबर आहे का?

नाही. 'वसाहतमुक्ती' म्हणा. रोज 'निर्वसाहतीकरण' ऐकून डोकं उठतं. परवा टीव्हीवर तो कानावर पडताच शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठली वसाहत उठवतायत?" काकू अजिबात चुकल्या नाहीत. मुंबईत वसाहत म्हणजे बांद्र्याची शासकीय वसाहत, रेल्वेची वसाहत, माणसं राहतात ती जागा. तिला 'निर्' लावलं की माणसं हलवली असाच अर्थ निघतो, 'निर्मनुष्य' आठवा. 'निर्गुंतवणूक' चालते, मग हे का नको, असं परिभाषावाले विचारतात. गुंतवणूक काढली की पैसा बाहेर येतो. वसाहत काढली की बाहेर कोण पडतं, राज्यकर्ता की रहिवासी? सगळा तंटा तिथेच असतो आणि हा शब्द त्याचा निकाल आधीच देऊन टाकतो.

आता 'कॉलनी'चं मूळ बघा. लॅटिन 'कोलोनुस' म्हणजे शेत कसणारा, रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात तर चक्क कूळ. त्याची वस्ती ती 'कोलोनिया'. जर्मनीतलं कोलोन शहर अशीच रोमन कोलोनिया. लहानपणी तापात कपाळावर कोलनवॉटरची गार घडी ठेवायचे, ते नाव तिथलं. क्रियापद 'कोलेरे': कसणे, राहणे, जोपासणे. आणि हे 'कोलेरे' नि संस्कृत 'चर्' एकाच धातूतून निघालेत! मूळ अर्थ फिरणे, वळणे. त्याचंच द्विरुक्त रूप चक्र, आपलं चाक, आणि ग्रीकमधून फिरून आलेली सायकल. म्हणजे गुरचरणातला 'चर' आणि कॉलनी ही भावंडं.

फिरण्यावरून शेतावर अर्थ कसा गेला, असं कोणी विचारेल. मराठीतच बघा ना. वावरणे म्हणजे हिंडणे-फिरणे, आणि विदर्भ-खानदेशात वावर म्हणजे शेत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरलो ते आपलं वावर. हे दोन शब्द वेगळे, उगाच जोडू नका, असं मला ठणकावून सांगणारे जाणकार आहेत. त्यांनी एकदा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला "वावरात जातो" म्हणताना ऐकावं. माझं मत बदलणार नाही.

तर पश्चिम सहारा. १९६३ पासून तो प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या अस्वायत्त, म्हणजे स्वतःचा कारभार अजून हाती न आलेल्या, प्रदेशांच्या यादीत आहे. १९७६ मध्ये तिथे राज्य करणारा स्पेन निघून गेला, पुढे बहुतेक भाग मोरोक्कोच्या ताब्यात गेला. मोरोक्को आणि स्वातंत्र्य मागणारी पोलिसारियो संघटना यांच्या लढाईत १९९१ मध्ये युद्धबंदी झाली, स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत जायचं यावर सार्वमत ठरलं, ते आजवर झालेलं नाही. अडलं कुठे, तर मतदारयादीवर. १९७४ च्या स्पॅनिश शिरगणतीतले लोक आणि त्यांचे वारस एवढेच मतदार, की आणखीही कोणी? तिथे वावरणारा कोण आणि वसवलेला कोण, यावरूनच ते सार्वमत रखडलं. अशा ठिकाणी 'निर्वसाहतीकरण' म्हटलं की सत्ता हटवायची आहे की घरं, ते कळत नाही.

आपल्याकडे १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातून पोर्तुगीज सत्ता गेली. म्हापशातली घरं म्हापशातच राहिली. त्या घटनेला आपण गोवामुक्ती म्हणतो.