प्रतिमा धूसर येतेय? आधी कंडेन्सर बघा

मायक्रोस्कोपसाठी नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नका. सुरुवातीला चित्र धूसर येतं ते बहुतेक वेळा प्रकाश नीट न लावल्यामुळे.

१० पटीच्या वस्तुभिंगावर (नमुन्याजवळचं भिंग) नमुना फोकस करा. फील्ड डायफ्रॅम (उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं करणारी झडप) जवळजवळ बंद करा, कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग) वर-खाली करून त्याची कड रेखीव करा, मध्यभागी आणा, मग ती दृश्यक्षेत्राबाहेर जाईल इतपतच उघडा. भिंग बदललं की पुन्हा तपासा. ॲपर्चर डायफ्रॅम (कंडेन्सरमधली झडप) भिंगाच्या एनएच्या (न्यूमरिकल ॲपर्चर, भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ७०-८० टक्के ठेवा. उजेड कमी करायला तो बंद करत जाणं ही सर्रास होणारी चूक. त्यात बारकावे हरवतात. उजेड दिव्याच्या बटणानेच कमी करा.

- कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) ०.१७ मिमी जाडीची घ्या. ४० पटीच्या कोरड्या भिंगाला जाडीतला थोडा फरकही जाणवतो.
- त्याच भिंगाला तेल लागू देऊ नका. तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या भिंगावरून मागे फिरताना हमखास लागतं.

कॅमेऱ्याच्या वेगाचं गणित सोपं आहे: एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी सेन्सर प्रकाश घेतो तो वेळ) ५० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला २० पेक्षा जास्त फ्रेम मिळणारच नाहीत. म्हणून आधी दिवा वाढवून एक्स्पोजर घटवा, मग सेन्सरचा हवा तेवढाच भाग वाचा. फ्लुरोसन्सचं (नमुना स्वतः चमकतो त्या पद्धतीचं) एवढं जमल्यावर बघू.