वृद्धाश्रमातील रहिवाशांची बाजू मांडणारा स्वयंसेवक नेमके काय करतो?

निवृत्तीनंतर मुंबईतील वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या वतीने बोलणारा स्वयंसेवक होता येईल का आणि त्यात काय करावे लागते, असे आपण विचारले आहे. मी सहा वर्षे पश्चिम उपनगरातील एका वृद्धाश्रमात दर शनिवारी जातो, त्या अनुभवावरून लिहितो.

अमेरिकेत अशी योजना १९७२ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, १९७८ च्या कायदेदुरुस्तीने ती प्रत्येक राज्याला बंधनकारक झाली आणि तिथे रहिवाशांना भेटण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे स्वयंसेवकाला तसा अधिकार नाही. व्यवस्थापनाच्याच परवानगीने आत जायचे आणि तक्रारही त्यांच्याकडेच न्यायची, ही या कामातली खरी अडचण आहे.

एक आजी दुपारी चारनंतर पाण्याचा घोटही घेत नसत. तीन शनिवार शेजारी बसल्यावर त्यांनी कारण सांगितले. रात्री बेल वाजवली तरी मावशी वेळेवर येत नाहीत, म्हणून हात धरून चालता येत असूनही त्यांना डायपर बांधून निजवले जाई. मी तडक कार्यालयाकडे निघालो, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "माझं नाव घेऊ नका. तुम्ही सहाला घरी जाल, रात्र मला इथेच काढायची आहे." त्या दिवशी मी काहीही न बोलता परतलो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या संमतीने, नाव न घेता, रात्रपाळीला एक मावशी किती खाटा सांभाळते एवढेच विचारले. दुसरी मावशी नेमायला चार महिने लागले. खाटेशेजारी कमोड खुर्ची मात्र आठवड्याभरात आली.

रहिवाशाला काय हवे ते त्याच्याच तोंडून ऐकायचे आणि त्याने होकार दिला तेवढेच पुढे न्यायचे, हे मला त्या खाटेपाशी कळले. पैसे मुले भरतात, त्यामुळे "आईला नको, मला विचारा" असे फोन येतात. तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे, आधी आईंशी बोलतो असे सांगावे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला "काही कळत नाही" असे म्हणण्यापूर्वी श्रवणयंत्रातला सेल तपासावा.

कायद्याची जुजबी माहिती हवीच, कारण घर मुलाच्या नावे केल्याची गोष्ट दर दुसऱ्या खाटेवर ऐकू येते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. निर्वाहखर्चाचा अर्ज ज्येष्ठाला स्वतः करणे शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि इथे मात्र आपल्यासारख्याला कायद्याने जागा दिली आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या उशाशी ठेवावा.